घरून एक शब्द नाही, तरी मुलाला एवढा ताण कशाचा?

पत्र: "पिंपळगाव बसवंतजवळ आमची चार एकर द्राक्षबाग आहे. मुलगा नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मित्रांबरोबर रूम करून राहतो. दुसऱ्या वर्षाचे एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) आणि मायक्रोप्रोसेसर हे दोन विषय राहिलेत, हे त्याच्या चुलतभावाकडून कळलं. फोनवर 'बरंय' यापलीकडे बोलत नाही. डोकं दुखतं, पित्त होतं म्हणतो. तपासण्या नॉर्मल आल्या. अभ्यासावरून आम्ही त्याला कधी एक शब्द बोललो नाही. मग ताण कशाचा? घरून अप-डाऊन करायला लावू, की इंजिनिअरिंग सोडवून बाग बघू दे?" (एक पालक, निफाड तालुका)

नमस्कार,

तुम्ही बोलला नाहीत हे खरंच असणार. पण आपल्याकडे अपेक्षा बोलून दाखवाव्या लागत नाहीत. फीच्या वेळी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं होताना त्याने पाहिलंय, आणि 'आमच्यासारखं औषधं मारत बसू नको' हे तो लहानपणापासून ऐकतोय. रिचर्ड लाझरस आणि सुझन फोकमन यांनी 1984 मध्ये ताणाची जी मांडणी केली, ती इथे नेमकी लागू पडते: घटना माणूस कशी घेतो आणि तिला तोंड द्यायला आपल्या हातात काय आहे असं त्याला वाटतं, यावर ताण ठरतो. ज्या घरात आधीच दोन इंजिनिअर आहेत तिथे दोन विषय राहिले तर पुढच्या वेळी काढू म्हणतात. घरातल्या पहिल्याच इंजिनिअरला तेच घराची पत गेल्यासारखं वाटतं.

मग सांगत का नाही? हिजंग किम, डेव्हिड शर्मन आणि शेली टेलर यांनी अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांची तुलना केली. आशियाई वंशाची मुलं अडचणीत आपल्या माणसांकडे उघडपणे मदत कमी मागतात, आणि त्यामागचं मोठं कारण म्हणजे आपल्यामुळे त्यांना त्रास नको, नात्यात ओढाताण नको. तिथला निष्कर्ष जसाच्या तसा निफाडला चिकटवू नये, पण तुमचंच कॅलेंडर बघा. नोव्हेंबर-डिसेंबरला एंडसेम, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटची परीक्षा. त्याच सुमाराला ऑक्टोबर छाटणीची बाग फुलोऱ्यात किंवा मणी धरण्याच्या टप्प्यात, डाउनी या बुरशीरोगाची भीती, आभाळ आलं की तुमचा जीव टांगणीला. उन्हाळी परीक्षेची तयारी आणि एप्रिल छाटणी अशीच एकमेकांवर येतात. फोनवर 'फवारणी वाया गेली' ऐकल्यावर 'माझे दोन राहिले' म्हणायला पोराची जीभ कशी उचलेल?

म्हणून त्याला समोर बसवून 'मन मोकळं कर' म्हणू नका. हा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो आणि तुमच्या घरात तो उलटेल. त्याला ती चौकशी वाटेल. त्याच संशोधकांना असंही दिसलं की अडचण न उगाळता आपल्या माणसांची नुसती सोबत आठवणं अशा मुलांना जास्त मानवतं. ते तुम्हाला जमतं. रोजचा फोन आठवा: 'जेवला का?' 'हो.' 'अभ्यास?' 'चालूय.' 'बरं.' यातला दुसरा प्रश्न काढून टाका. त्याजागी बागेतलं काही सांगा आणि त्याचं मत विचारा. पंधरा दिवसांतून एकदा नाशिक मार्केटला आलात की त्याच्या रूमवर डबा घेऊन जा, अर्धा तास बसा, रिझल्टचा विषय न काढता निघा. विषय राहिल्याचं तुम्हाला माहीत आहे हे मात्र लपवू नका. एकदाच, गाडी चालवताना किंवा बांधावर, म्हणजे नजरेला नजर नसताना सांगा: 'दोन राहिलेत ते कळलंय. फी भरलेली आहे. कसे काढायचे ते तू ठरव, लागेल ते सांग.' तिथेच थांबायचं. 'पण आधी का नाही सांगितलंस' हे शेपूट जोडलं की सगळं पाण्यात.

डोकेदुखी आणि पित्त हे नाटक नाही. मनाचं बोलायची सवय नसलेल्या घरात ताण बऱ्याचदा शरीरातून बोलतो. रात्रीची जागरणं, उपाशीपोटी चहा आणि मेसचं तिखट यांची त्यात भर. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद आणि उठायची वेळ रोज एकच, एवढं दोन आठवडे करून बघायला सांगा.

आता विषय. मुलगा पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नचा, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचा आहे असं धरतो. एंडसेम 70 गुणांची, अडीच तासांची, युनिट 3 ते 6 वर. बॅकलॉगवाली, म्हणजे विषय राहिलेली मुलं फसतात ती इथेच: एम-थ्री 'पहिल्यापासून' सुरू करतात आणि डिफरन्शियल इक्वेशनमध्ये तीन आठवडे घालवतात. ते युनिट इनसेमचं, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचं, एंडसेमला येत नाही. त्याने स्टॅटिस्टिक्स आणि न्यूमरिकल मेथड्सपासून धरावं. पद्धत ठरलेली असते, सरावाने हात बसतो. प्रोबॅबिलिटी नंतर. सहा आठवडे, रोज दीड तास, मागच्या पाच पेपरमधली गणितं युनिटनिहाय. शेवटच्या दोन आठवड्यांत घड्याळ लावून किमान तीन पूर्ण पेपर. मायक्रोप्रोसेसरला रोज पाऊण तास: 80386 या प्रोसेसरच्या आकृत्या न बघता काढायच्या आणि एक उत्तर इंग्रजीत लिहायचं. मराठी माध्यमातून आलेला असेल तर समजून पण लिहिता न आल्याने गुण जातात. बॅकलॉगचा परीक्षा फॉर्म वेळेत भरला का, हे आधी बघावं. बरोबरीला तालुक्यातलाच, एम-थ्री काढलेला एखादा सीनियर मिळाला तर क्लासपेक्षा स्वस्त आणि बरा.

अप-डाऊन नको. जाऊन-येऊन रोजचे दोन तास जातील आणि गावात 'परत आणला' हीच चर्चा होईल. इंजिनिअरिंग सोडण्याचा निर्णय या निकालाआधी अजिबात नको. निकालानंतर त्याने स्वतः शेतीचं नाव काढलं तर वेगळं बोलू. पण बागेला शिक्षा म्हणून दाखवू नका. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या 'लाइव्ह बॅकलॉग' (अजून न निघालेला विषय) नको म्हणतात, त्यामुळे सातव्या सेमिस्टरआधी दोन्ही निघाले तर दार उघडं राहतं.

घरात वणीचा नवस बोलला असेल तर आईने तो स्वतःच्या नावावर ठेवावा. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने श्रद्धेचे दोन परिणाम वेगळे दाखवले: देव पाठीशी आहे असं वाटणं आधार देतं, देव शिक्षा करतोय असं वाटणं ताण वाढवतं. 'पास हो, मग पायी जाऊ' म्हटलं की पोराच्या डोक्यावर आणखी एक कर्ज चढतं.

झोप-जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं, कॉलेज बंद, मित्र तोडलेले, किंवा 'मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता' असं एकदा जरी बोलला, तर वरचं सगळं बाजूला. त्याच दिवशी त्याच्याजवळ जा, एकटं ठेवू नका, बागेतली औषधं कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत, चोवीस तास आणि मराठीत आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. कॉलेजातही समुपदेशक असायला हवा: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने तो नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय. त्याच्याकडे मुलाला 'उपचाराला' न पाठवता 'परीक्षेचं नियोजन करून घे' म्हणून पाठवा. तो जाण्याची शक्यता त्यानेच वाढते.