पहिलंच बाळंतपण, विसावा आठवडा लागलाय. आता काय काय होणार?

तुम्ही लिहिलंय की पोट फारसं दिसत नाही, बाळाची हालचाल अजून कळलेली नाही आणि येत्या शनिवारी पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी आहे. मी डॉक्टर नाही. तीन वर्षांपूर्वी याच आठवड्यात पुण्यातच असाच धसका घेऊन बसले होते, तेवढ्या अधिकारावर लिहितेय.

आधी हालचालीचं. पहिलटकरणीला ती बहुतेक १८ ते २० आठवड्यांत कळते, कुणाला आणखी एक-दोन आठवडे लागतात. वार (प्लासेंटा, म्हणजे बाळाला पोषण पोचवणारा गर्भाशयातला भाग) समोरच्या बाजूला असेल तर मध्ये गादी ठेवल्यासारखं होतं आणि उशीर होतो. मला कळली तेव्हा मी ओळखलीच नाही. कोथरूडच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते, ओटीपोटात बुडबुडा फुटल्यासारखं झालं. दोन दिवस वडापावला दोष देत होते! २४ आठवडे झाले तरी काहीच कळलं नाही, तर मात्र डॉक्टरांना सांगायचं.

पोटाचं मनावर घेऊ नका. आत्ता गर्भाशयाचा वरचा काठ जेमतेम बेंबीपर्यंत आलेला असतो. बाळ साधारण वीतभर, वजन ३००-३५० ग्रॅम. घरातल्या बायकांचे महिने आणि डॉक्टरांचे आठवडे यांचा हिशोब जुळवायच्याही भानगडीत पडू नका. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुमच्या २० आठवड्यांत बाळ खरं तर १८ आठवड्यांचं असतं.

आता सोनोग्राफी. सगळे म्हणतात 'बाळ बघायला जायचंय'. मीही तशीच हौसेनं गेले आणि रडवेली होऊन बाहेर आले, कारण डॉक्टर वीस मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. ते मोजत होते, हे नंतर कळलं. डोक्याचा घेर, मांडीचं हाड, हृदयाचे चार कप्पे, मणका, मूत्रपिंडं, ओठ, वार कुठे आहे, पाणी किती आहे... एकेक टिपायचं असतं. बाळ पाठ करून बसलं तर तुम्हाला बाहेर फेऱ्या मारायला लावतील, काही खाऊन या म्हणतील. घाबरू नका, आमच्या बाळानं जिलबीवर कूस बदलली. आधार कार्ड न्या, फॉर्म भरून घेतात. मुलगा की मुलगी हे सांगायला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे आणि आडून विचारणाऱ्या नातेवाइकालाही त्यात शिक्षा आहे. सोबत येणाऱ्या आत्याबाईंना हे घरीच सांगून ठेवा.

तारीख मात्र पुढे ढकलू नका. काही शंका निघालीच तर पुढच्या तपासण्यांना, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला दिवस जातात. गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला, तरी २४ आठवड्यांनंतर बाळात गंभीर दोष असेल तरच परवानगीचा विचार होतो आणि तो निर्णय मेडिकल बोर्डाकडे जातो. ही वेळ फार थोड्या जणींवर येते, पण सोनोग्राफी याच आठवड्यांत करण्यामागे हेही एक कारण आहे.

माझ्या रिपोर्टात 'लो लाइंग प्लासेंटा' निघालं, म्हणजे वार खाली. मी शहाणपणा करून रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी मला पलंगावरून उतरायची बंदी केली, नागपूरच्या मावशींनी सिझेरियन ठरवूनही टाकलं. माझ्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "गर्भाशयाचा खालचा भाग अजून ताणायचाय. तो वाढला की वार आपोआप वर गेलेली दिसेल. जड उचलू नकोस, रक्त दिसलं तर थेट इथे ये." बहुतेक जणींचं असंच होतं. ३२ व्या आठवड्यात पुन्हा पाहिलं तेव्हा माझी वार वर होती.

बाकी किरकोळ. कूस बदलताना जांघेत कळ येते, रात्री पोटरीत गोळा येतो, छातीत जळजळतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेऊ नका, आणि लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच (हे पुण्यात पाळणं किती अवघड आहे ते मला माहितीय). शौचाला काळं होतं, ते लोहामुळे. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा होईल, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं ते गोडमिट्ट पाणी पिऊन. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र शनिवारची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

शनिवारी नवऱ्याला बरोबर न्या, कारण सांगितलेलं निम्मं आपल्याला ऐकूच येत नाही. आणि पट्ट्यांच्या सँडल घालू नका. पादत्राणं बाहेर काढायला लावतात, आणि वाकून बकल लावणं आता पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही.