वाचकांचे प्रश्न : दबाव आला की बॉल का जातो?

प्रश्न : आमचा क्लब बडोद्यातल्या स्थानिक फुटबॉल स्पर्धा खेळतो. आम्ही मागून छोटे पास देत बॉल पुढे नेतो. पण समोरच्यांनी दोन स्ट्रायकर अंगावर सोडले की बॉल आमच्याच गोलसमोर हातचा जातो. यंदा दोनच नवे खेळाडू घेता येतील. बहुतेकांना स्ट्रायकर हवाय. काय करावं?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : स्ट्रायकर आत्ता नको. बॉल पोचतच नसेल तर तो तरी काय करणार? आधी मागच्या तीन सामन्यांचं मोबाइलवरचं चित्रण पाहा. आपल्या गोलजवळ बॉल गेला तो प्रत्येक प्रसंग वहीत लिहा : पास कोणी दिला, कोणत्या पायावर आला, घेणाऱ्यानं आधी मागं पाहिलं होतं का. तुम्ही सांगता ती तक्रार असेल तर बोट बहुधा गोलकीपरकडे आणि बचावफळीसमोरच्या मिडफिल्डरकडे जाईल.

दोन स्ट्रायकर, दोन सेंटर बॅक (मधले बचावपटू), म्हणजे हिशोब बरोबरीत. तिसरा माणूस गोलकीपरच. त्याचा पाय चालत नसेल तर तो जादा माणूस फुकट गेला. निवडचाचणीत त्याला दोन्ही पायांनी १५ मीटरचे जमिनीलगत पास आणि स्ट्रायकरच्या डोक्यावरून फुलबॅककडे (कडेच्या बचावपटूकडे) ३० मीटरचे उंच बॉल द्यायला लावा, प्रत्येकी दहा. समोरून कुणीतरी धावत यायलाच हवं; मोकळ्यात सगळेच चांगले दिसतात.

मिडफिल्डरसाठी १० बाय १० मीटरचा चौकोन आखा. चार जण कडेनं, तो मधे, दोन आत बॉल हिसकायला, दोनच टच, दीड मिनिट. तुम्ही बॉल पाहू नका, त्याची मान पाहा. बॉल येण्याआधी त्यानं खांद्यावरून मागं पाहायला हवं, अंग तिरकं ठेवून लांबच्या पायावर बॉल घ्यायला हवा. जवळच्या पायावर घेतला की तोंड आपल्याच गोलकडे होतं आणि अंगावर आलेला माणूस त्याला तिथंच कोंडतो. पाठीला माणूस चिकटलेला असताना एका टचमध्ये मागं दिलेला पास भित्रेपणा नव्हे. त्याचे गुण कापू नका.

खेळाडू बदलले तरी एकच वाट धरून बसू नका. इंग्लंडचा साउदॅम्प्टन क्लब २०२४-२५ मध्ये वरच्या श्रेणीत आला तो प्रशिक्षक रसेल मार्टिन यांच्या छोट्या पासांच्या पद्धतीसह. तिथला दबाव वेगळ्याच दर्जाचा होता. डिसेंबरमध्ये मार्टिन गेले, संघ १२ गुणांवर राहून खाली उतरला. खडबडीत मैदानावर बॉल नडगीला उडत असेल तर लांब मारा, मात्र खाली पडणाऱ्या बॉलपाशी आपले तिघे १० मीटरच्या आत हवेत.

प्रश्न : गोलकिकचा (आपल्या गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या लाथेचा) पास सेंटर बॅक पेनल्टी क्षेत्रात उभा राहून घेऊ शकतो का?

उत्तर : हो, २०१९ पासून. बॉलला लाथ बसून तो स्पष्ट हलला की खेळ सुरू. तोवर प्रतिस्पर्धी क्षेत्राबाहेरच हवेत.