सामान भरलेल्या खोलीत छताचं प्लास्टर करायचंय, खोली रिकामी करता येत नाही. तयारी कशी करावी?

पलंग, सोफा खोलीच्या एका अर्ध्या भागात ओढा, दुसऱ्या अर्ध्यात काम, मग अदलाबदल. मिस्त्रीच्या घोड्याला (उभं राहून काम करायच्या स्टँडला) भिंतीपर्यंत मोकळी जागा लागतेच. आधी त्या खोलीचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) बंद, मग पंखा उतरवा, वायरींची टोकं टेप करा.

जुनं प्लास्टर ठोकून काढताना खरी धूळ उडते. कपाटाच्या दारांच्या फटींवर मास्किंग टेप लावा, नाहीतर साड्यांच्या घड्यांत सिमेंट सापडतं. सामानावर जाड प्लास्टिक. लादीवर नुसतं प्लास्टिक घसरतं आणि ढेकळांनी फाटतं, म्हणून वर गोणपाट किंवा जुनं प्लाय. डेब्रिज (तोडलेला मलबा) त्याच दिवशी गोणीत भरा.

नंतर निदान ७ दिवस प्लास्टरवर पाणी मारायचंय, त्यामुळे प्लास्टिक लगेच काढू नका. पण मुंबईची दमट हवा, रोज रात्री कडा उचलून ठेवा, नाहीतर लाकडाला बुरशी.