टिटवीचं अंडं आणि 'उद्या या'

प्लॉट सपाट करताना जेसीबीपुढून उचललेलं टिटवीचं अंडं, थर्माकोलचा डबा, आत बल्ब, आणि "टॉर्च लावला तर सगळं काळंच दिसतं, जिवंत आहे का?" तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं सगळं वर आलं.

काळं दिसणारच. त्या कवचावर डागच इतके असतात. काळ्या पुठ्ठ्याला छोटं भोक पाडा, मागे जोरदार टॉर्च, खोलीत मिट्ट अंधार, आणि अंड्याची रुंद बाजू भोकावर. दोन-चार सेकंद बास, टॉर्चही तापतो. लाल शिरांचं जाळं दिसलं तर काम चालू आहे. जाळं जाऊन नुसतं लाल कडं उरलं असेल तर संपलं.

ते कडं मी पाहिलंय. आदल्या रात्री शिरा स्वच्छ दिसत होत्या. कायद्याने घरी ठेवता येत नाही म्हणून सकाळी अंडं एका कार्यालयात नेलं (नाव घेत नाही). "हे आमच्याकडे येत नाही", मग "साहेब दौऱ्यावर", मग "अर्ज लिहा". मी अर्ज लिहितोय तोवर तिथल्या एका गृहस्थांनी अंडं उचललं आणि नारळ वाजवून बघतात तसं कानाशी खुळखुळवलं! वर "उद्या या". मी काही पशुवैद्य नाही, कारण दुसरंही असू शकेल. पण कोवळ्या शिरा अशा हिसक्याने तुटतात, आणि माझं मत काही बदलायचं नाही.

म्हणून आधी वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. कोण घेणार, कुठे, किती वाजता, हे नावानिशी विचारा आणि मगच निघा. टेबलावर डबा उघडू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणंही शिकारीत धरलंय, त्यामुळे फोनची नोंद तुमच्याही कामाची.

माणसाचा हात लागला की पक्षी अंडं टाकतो, हे मात्र खोटं. त्यामुळे शेजारी टिटवीचं दुसरं घरटं शाबूत असतं तर अंडं त्यातच ठेवा म्हटलं असतं, कुणालाही डब्याच्या फंदात पडू दिलं नसतं. टिटवी साधारण चार अंडी घालते आणि पुरती झाल्यावरच नेटाने बसते. गार अंडं म्हणजे सोडून दिलेलं, असं नाही.

अंडं फिरवणं वगैरे करतच असाल. कोणती बाजू वर आहे हे कळायच्या खुणा पेन्सिलने करा, मार्करने नको. आणि थर्मामीटर डब्याच्या झाकणाला नाही, अंड्याच्या माथ्याच्या पातळीवर ठेवा. पंखा नसलेल्या डब्यात तिथे ३८.५ अंशांच्या आसपास हवं. थोडा वेळ गार पडलेलं अंडं सावरतं, चाळिशीपार तापलेलं बहुधा नाही. बल्बला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला बल्ब आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) नसेल तर आजच लावा.