सोलापूर जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला 'एनक्वास' प्रमाणपत्र मिळालं म्हणजे तिथले उपचार खरंच सुधारले का?

बऱ्याच अंशी हो, पण हे प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीचं असतं, डॉक्टरांच्या हातगुणाचं नाही. एनक्वास म्हणजे सरकारी दवाखान्यांसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं; त्यांची तपासणी यादी सगळ्यांसाठी खुली आहे, तिच्या आधारे सांगतो. प्रत्येक मुद्द्याला 0, 1 किंवा 2 गुण. परीक्षक नुसत्या नोंदवह्या चाळत नाहीत. स्वतः पाहणी करतात, कर्मचाऱ्यांना विचारतात आणि पेशंटशीही बोलतात. हात नीट धुतले जातात का, वापरलेल्या सुया आणि रक्ताळलेला कापूस वेगवेगळा जातो का, लसींच्या फ्रीजचं तापमान लिहिलं जातं का, प्रसूतीच्या खोलीत तातडीची औषधं हाताशी आहेत का, इतकं बारीक. आदल्या आठवड्यात रंगरंगोटी करून हे निभत नाही. ('कायाकल्प' हा 2015 पासूनचा पुरस्कार मुख्यतः स्वच्छतेचा, लोक दोन्हींची गल्लत करतात.)

मात्र प्रमाणपत्राची मुदत 3 वर्षांची असते. मधे डॉक्टरांची बदली होऊन पद रिकामं राहिलं तरी भिंतीवरचा फलक तसाच राहतो, म्हणून त्यावरची तारीख बघा आणि डॉक्टर सध्या आहेत का ते आशाताईंना विचारा. सोलापूरच्या सिव्हिलची तुलना मात्र अशा केंद्राशी करू नका, ते मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी जायचं असेल तर 'लक्ष्य' प्रमाणपत्राची चौकशी करा. 2017 ची ती योजना खास प्रसूतिकक्ष आणि बाळंतपणाच्या ऑपरेशन थिएटरसाठीच आहे.