मंगळवारचा टाको चालतो, गुरुवारचा का चालत नाही?

आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्या, सॅन डिएगोत राहणाऱ्या एका मराठी बाईंची ही गोष्ट. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, वय चाळिशीच्या आसपास. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्यांनी कॅमेऱ्यासमोर एक कागद धरला. काय खायचं नाही त्याची यादी, दोन्ही बाजूंनी भरलेली. टोमॅटो, पालक, वांगं, अवोकाडो, लिंबू, व्हिनेगर, चीज, डबाबंद राजमा...

"ताई, आमच्याकडे दर मंगळवारी टाको असतात. यातून माझ्या वाटणीला काय उरलं? नुसती पोळीच ना?" टाको म्हणजे चिकन, भाज्या, चीज भरून दुमडलेली मेक्सिकन पोळी.

त्रास खरा होता. जेवल्यावर तासाभरात चेहरा लालबुंद व्हायचा, डोकं ठणकायचं, कधी अंगावर पित्त उठायचं. अ‍ॅलर्जीच्या तपासण्यांत काही सापडलं नव्हतं. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी चार आठवडे कमी हिस्टामिनचा आहार करून बघा, असं सुचवलं होतं. चार आठवड्यांचे सात महिने झाले होते. भात, दुधी आणि उकडलेलं चिकन एवढ्यावर त्यांचं सहा किलो वजन उतरलं होतं. मला टाकोपेक्षा त्या सहा किलोंची काळजी जास्त वाटली.

आपण 'अंगावर पित्त उठलं' म्हणतो आणि आमसुलाचं पाणी चोळतो, तेव्हाही कातडीत हिस्टामिन हेच रसायन सुटलेलं असतं. ते शरीर स्वतः तयार करतं, तसं अन्नातूनही येतं. मासे-मटणातल्या हिस्टिडीन नावाच्या घटकापासून जिवाणू ते बनवतात. आतड्यातलं डीएओ नावाचं एन्झाइम ते मोडून टाकतं, आणि काहींच्या बाबतीत हे एन्झाइम कमी पडत असावं, असं मानलं जातं. रक्त तपासून याचा भरवशाचा निवाडा होत नाही. म्हणून मी वही ठेवायला सांगते. काय खाल्लं, किती वाजता, आणि ते कधी शिजवलेलं होतं.

हा तिसरा रकाना लोक हमखास कोरा ठेवतात. यांनी भरला, आणि दोन आठवड्यांत चित्र समोर आलं. मंगळवारी ताजं शिजवलेलं चिकन घरच्यांच्या टाकोत जायचं, यांच्या ताटात नुसतं. तेव्हा काही होत नव्हतं. उरलेलं डब्यात भरून फ्रिजमध्ये, आणि गुरुवारी दुपारी ऑफिसात तेच. गुरुवारी संध्याकाळी डोकं दुखायचं. चिकन तेच, मसाला तोच, मध्ये दोन दिवस गेलेले.

फ्रिजमध्ये जिवाणूंचं काम मंदावतं, पण थांबत नाही. फ्रीजरमध्ये जवळजवळ थांबतं. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन कितीही उकळलं तरी जात नाही. त्यामुळे पुन्हा गरम करून खाल्लं, हा युक्तिवाद इथे चालत नाही. शिळं खाऊ नये म्हणणाऱ्या आज्यांना एन्झाइमचं नाव ठाऊक नव्हतं, एवढंच.

मग टाको परत ताटात आणला. मक्याच्या टॉर्टियाला, म्हणजे टाकोच्या पोळीला, मनाई करायचं कारणच नव्हतं. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून, दळून केलेलं ते पीठ. त्यात यीस्ट नसतं, आंबवणं नसतं. बाईंचा भाकरीचा हात असल्याने पहिल्याच दिवशी जमलं. चिकन आणल्या आणल्या छोट्या पुड्या करून फ्रीजरमध्ये टाकायचं, लागेल तेवढंच काढून लगेच शिजवायचं. वर कांदा, कोथिंबीर, मुळा, काकडी. मेक्सिकोत रस्त्यावरच्या टाकोवर तरी कांदा-कोथिंबिरीपलीकडे फार काय असतं? किसलेल्या पिवळ्या चीजचा ढीग ही अमेरिकेची भर. ते मुरवलेलं चीज गेलं, व्हिनेगरमधल्या मिरच्या गेल्या, बाटलीतला साल्सा, म्हणजे टोमॅटोची चटणी, तोही गेला. चीजच्या जागी केसो फ्रेस्को आलं, म्हणजे जवळपास आपलं पनीर, तेही त्याच दिवशी फोडलेल्या पाकिटातलं. आंबटपणासाठी त्यांनीच विचारलं, "आमसूल चालेल?" त्यांच्या यादीत ते नव्हतंच. थोडं घालून बघा म्हटलं. चाललं.

पुढचे दोन महिने यादी खोडण्यात गेले. तीन-चार दिवसांत एकच नवा पदार्थ, तोही थोडा. अवोकाडोची चतुर्थांश फोड निर्धोक ठरली, लिंबूही. ताजा टोमॅटो अर्धा चालतो, अख्खा नाही. या याद्या एकमेकींशीही जुळत नाहीत, त्यामुळे त्या आयुष्यभर भिंतीवर चिकटवून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. मध्येच त्यांनी डीएओच्या गोळ्यांबद्दल विचारलं. बहुतेक गोळ्या डुकराच्या मूत्रपिंडापासून करतात हे सांगितल्यावर तो विषय तिथेच संपला.

सगळं बरं झालं असं नाही. पाळीच्या आधीचे चार दिवस अजूनही जपून काढावे लागतात. घसा आवळला, श्वास लागला तर वही बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सी गाठायची, हे मी दर कॉलला बजावते. पण वजन चार किलो परत आलंय.

मागच्या आठवड्यात मेसेज आला. डिसेंबरात वेंगुर्ल्याला जातेय, बांगडा खाऊ का? प्रश्न रास्त होता. बांगडा, ट्यूना अशा माशांत हिस्टिडीन भरपूर, आणि ते उन्हात राहिले तर धडधाकट माणसालाही पुरळ उठतं. मी उलट विचारलं, होडी किनाऱ्याला लागल्यापासून तव्यावर पडेपर्यंत किती वेळ जातो?

"बाबा स्वतः जातात बंदरावर. बर्फ घेऊन जायला सांगते."

अर्धा खा म्हटलं, आणि वहीत वेळ लिहा.