कॉल आला की मोडणारं वेळापत्रक

"मॅडम, दरवर्षी ठरवते आणि चार दिवसांत बारगळतं. माझ्यात जिद्दच नाही का?" हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वारंवार येतो, आणि विचारणाऱ्यांत बायका जास्त असतात. ज्यांना खरोखर काही करायचं नसतं, ती माणसं पदरचे पैसे मोडून असं विचारायला येत नाहीत, असं माझं मत आहे.

संगीताताईंचं उदाहरण सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्यांची हरकत नाही. वय बेचाळीस, राहायला मिरजेत, मिस्टर मालगाडीवर लोको पायलट. आल्या होत्या मुलाच्या दहावीच्या अभ्यासाची तक्रार घेऊन. मुलगा तसा बरा अभ्यास करत होता. दुसऱ्या भेटीत पर्समधून एक जाड डायरी निघाली. दर पाडव्याचे संकल्प त्यात लिहिलेले: बारावी पूर्ण करणे, इंग्रजी बोलणे, शिवणक्लास, रोज चालणे, सहा किलो वजन कमी, सासूबाईंवर चिडायचे नाही. पुढच्या पाडव्याला पुन्हा तीच यादी. बदलत होता तो फक्त वजनाचा आकडा, तोही वरच्या दिशेने.

मी त्यांच्या हातात पेन दिलं. म्हटलं, "यातलं जे कायमचं खोडलं तरी चालेल, ते खोडा." शिवणक्लास लगेच गेला. इंग्रजी गेलं. चालणं आणि वजन थोड्या कुरबुरीनंतर गेलं. सासूबाईंच्या ओळीवर हसल्या आणि तीही खोडली. बारावीपाशी पेन थांबलं. अकरावीत असताना लग्न ठरलं होतं, कॉलेज तिथेच सुटलं.

बारावी कशाला हवी, तर अंगणवाडी सेविका व्हायचं होतं. इथे मला कटू बोलावं लागलं. त्या भरतीला बारावी लागते हे खरं, पण सर्वसाधारण वयोमर्यादा पस्तीसची आहे. "मग कशाला उगाच?" म्हणून त्यांनी डायरी मिटली. अशा वेळी गप्प बसावं, उमेद टिकू द्यावी, असं मानणारे समुपदेशक आहेत. मला ते पटत नाही. वर्षभर अभ्यास करून भरतीच्या जाहिरातीत ती अट वाचण्यापेक्षा आज वाईट वाटलेलं परवडलं.

पुढच्या भेटीला त्या म्हणाल्या, "तरी करायचीच आहे." का, ते त्यांना सांगता येईना. मीही खोदत बसले नाही. नोकरी वजा केल्यावरही इच्छा शिल्लक राहते, एवढं मला पुरेसं वाटतं.

मग वेळापत्रकाकडे वळलो. 'दुपारी २ ते ४ अभ्यास' असा कागद त्यांनी आधीच फ्रिजवर चिकटवला होता. तो का मोडायचा, हे त्यांच्या घरातला दिवस ऐकल्यावर कळलं. रेल्वेच्या लॉबीतून, म्हणजे चालकांच्या ड्युट्या लावणाऱ्या ऑफिसातून, कॉल येतो आणि दोन तासांत माणूस ड्युटीवर हजर लागतो. कॉल रात्री दीडला येईल किंवा दुपारी अडीचला. आला की पोळ्या, डबा, बॅग. परत आले की भर दिवसा झोप, आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये कुकरची शिट्टीसुद्धा नको. अशा घरात घड्याळावर बेतलेला अभ्यास टिकणार कसा? मोडला की दोष मात्र आपल्या स्वभावाचा.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 'जर-तर' पद्धतीच्या नियोजनावर बरंच काम केलं आहे. अमुक प्रसंग आला की अमुक कृती करायची, असं आधीच पक्कं ठरवायचं. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्याबरोबर ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या संकल्पापेक्षा हे बरंच उपयोगी पडतं असं दिसलं. गोलविट्झर यांच्या पत्नी गॅब्रिएल ओटिंगेन यांचं १९९१ चं निरीक्षण तर मी मुद्दाम सांगते, कारण भिंतीवर स्वप्नांची चित्रं लावणारे पुष्कळ भेटतात. वजन उतरवण्याच्या उपक्रमातल्या ज्या स्त्रिया यशाच्या गोड कल्पनांत रमत, त्यांचं वजन कमी उतरलं होतं.

आम्ही घड्याळ सोडलं आणि कॉल धरला. मिस्टर बॅग घेऊन बाहेर पडले की दार लावायचं आणि ओटा न आवरता टेबलाशी बसायचं. ते येऊन झोपले की फक्त वाचन, मोठ्याने पाठांतर नाही. दोन्ही जमलं नाही तर त्या दिवशी सुट्टी, आणि तिचा हिशोब ठेवायचा नाही.

इतिहास, राज्यशास्त्रापेक्षा अवघड ठरलं ते 'ओटा न आवरता'. खरकटा ओटा सोडून सून पुस्तक घेऊन बसली की सासूबाई स्वतः उठत आणि भांड्यांचा आवाज करत आवरत. मग उठावंच लागे. यावर उपाय म्हणजे बोलणं. संगीताताई ते टाळत होत्या, म्हणून माझ्या खोलीत आम्ही तालीम केली. मी सासूबाई झाले आणि त्यांच्या मते फारच मऊ बोलले. घरी प्रत्यक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "आत्या, मला बारावीला बसायचंय. ओटा मी चहाच्या वेळी आवरीन." उत्तर आलं, "बस की. मी कुठं नको म्हणतीय? पर ओटा तसाच?" तडजोड निघाली: भांडी सिंकमध्ये, ओट्यावर फडकं.

माहेरच्या ट्रंकेतून शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची मार्कलिस्ट आणून त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरला. हा फॉर्म खासगीरीत्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी असतो. मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, त्यामुळे जानेवारीत जाग येऊन उपयोग नसतो. मुलाची दहावी आणि आईची बारावी एकाच वर्षी झाली. इंग्रजीत त्यांना २९ पडले, पासाला ३५ लागतात. निकालाच्या दिवशी फोनवर त्या रडल्या, आणि लगेच पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी निघतो ते विचारलं. पुरवणीत ४१ पडले.

पेढे घेऊन आल्या तेव्हा मुक्त विद्यापीठातून बी.ए. करावं असं मिस्टरांचं म्हणणं होतं, मुलाचंही. "तुमचं काय?" मी विचारलं. "सध्या काही नाही," त्या म्हणाल्या. मी पुढचं काही सुचवलं नाही. एक पेढा खाल्ला, आणि आम्ही मुलाच्या अकरावीच्या प्रवेशाबद्दल बोललो.